उंदराची कलेजी, दीड मिनिट आणि मी उडवलेले चार आकडे

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेलं काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग जरा वेगळा आहे. नवा फोन नाही, ॲप नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स तर अजिबात नाहीत. आज मी माझी एक चूक सांगणार आहे. कोड बरोबर होता, ग्राफ झकास आला होता, आणि तरीही काम चुकीचं होतं.

झालं असं, की जानेवारीत चार दिवस अमळनेरला गेलो होतो, आजीकडे. माझी मावसबहीणही आली होती. ती बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करतेय. कुठे ते सांगत नाही, तिने सांगू नकोस म्हटलंय. रात्री जेवणं झाल्यावर ती लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "तुला पायथन येतं ना? मग ही फाइल बघ."

फाइलमध्ये चोवीस पांढऱ्या उंदरांचे आकडे होते. बारा-बाराचे दोन गट. दोन गटांना वेगवेगळं खाद्य दिलेलं होतं. काय खाद्य ते विचारू नका, काम अजून छापून आलेलं नाही. प्रत्येक उंदराच्या लिव्हरमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत कलेजीत, एनएडी नावाचा एक पदार्थ किती आहे ते मोजलेलं. तिला एवढंच हवं होतं की मशीनमधून आलेल्या कच्च्या आकड्यांवरून हिशेब करून, दोन्ही गटांचा ग्राफ काढून द्यावा.

मला हे काम म्हणजे चहा येईपर्यंतचं. स्क्रिप्ट लिहिली, ग्राफ काढला. चार आकडे फारच वेडेवाकडे दिसत होते, बाकीच्यांपासून लांब जाऊन पडलेले. आमच्याकडे ऑफिसात असं काही दिसलं की आपण काय करतो? आउटलायर म्हणतो आणि एक ओळ टाकून उडवतो. मी तेच केलं. ग्राफ एकदम स्वच्छ झाला. दोन गट दोन बाजूंना, मधे मस्त अंतर. मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

ती म्हणाली, "ते चार परत टाक."

का, ते कळायला मला तीन दिवस लागले. तेच आज सांगतो. पण त्यासाठी आधी एनएडी म्हणजे काय आणि ते मोजतात कसं, हे थोडं समजून घ्यावं लागेल. घाबरू नका, मीही बारावीनंतर बायोलॉजीचं पुस्तक उघडलेलं नाही.

बाजार समितीत हातगाड्या बघितल्या असतील. समजा शंभर गाड्या आहेत. एका टोकाला माल भरायचा, दुसऱ्या टोकाला उतरवायचा, रिकामी गाडी परत आणायची. दिवसभरात पोती हजारो हलतात, गाड्या मात्र शंभरच. आपल्या पेशीतलं एनएडी म्हणजे ती हातगाडी. आपण खाल्लेल्या अन्नातून इलेक्ट्रॉन निघतात, ते या गाडीवर चढतात. रिकामी गाडी म्हणजे एनएडी, भरलेली म्हणजे एनएडीएच. भरलेली गाडी माल उतरवते, तो माल पुढे पुढे सरकत शेवटी ऑक्सिजनला जाऊन मिळतो आणि त्या वाटेत शरीराला ऊर्जा मिळते. एन्झाइम म्हणजे काम करणारे हमाल, आणि ही गाडी म्हणजे कोएन्झाइम, मराठीत सहविकर. गाडीशिवाय हमाल नुसता उभा.

हे गाडीचं प्रकरण पहिल्यांदा सापडलं ते यीस्टमध्ये. १९०६ साली इंग्लंडमध्ये हार्डेन आणि यंग या दोघांनी यीस्टचा रस बारीक गाळणीतून गाळला. गाळणीवर राहिलेलं एकटं साखर आंबवेना, खाली उतरलेलंही एकटं आंबवेना. दोन्ही परत एकत्र केलं की काम सुरू. म्हणजे मोठ्या प्रोटीनला सोबत म्हणून काहीतरी छोटं लागतं, हे कळलं. ते छोटं नेमकं काय, हे कळायला पुढची तीस वर्षं गेली.

जाता जाता एक गोष्ट, कारण आपल्याकडे ती पुरेशी सांगितली जात नाही. ही भरलेली गाडी जो माल उतरवते, तो ज्या साखळीतून पुढे जातो, तिच्यातला एक महत्त्वाचा दुवा म्हणजे सायटोक्रोम सी. तो वनस्पतींमध्येही असतो हे बटाट्यावर काम करून दाखवलं कमला सोहोनींनी, केंब्रिजला. १९३९ साली त्यांना तिथे डॉक्टरेट मिळाली. माहेरच्या भागवत, म्हणजे आपल्या दुर्गा भागवतांच्या बहीण. त्याआधी बंगळुरूच्या संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला होता आणि त्यांनी हट्टाने मिळवला होता. यांच्यावर वेगळा भाग करायचाय.

तर, मोजायचं कसं? एक ग्रॅम लिव्हरमध्ये हे एनएडी एक मायक्रोमोलपेक्षाही कमी असतं. वजनात सांगायचं तर साधारण अर्धा मिलिग्रॅम. आणि ते हजारो इतर पदार्थांच्या खिचडीत मिसळलेलं. खिचडीतून एका जातीचा दाणा वेचायचा, तोही डोळ्यांना न दिसणारा.

इथे जर्मनीतल्या ओट्टो वारबुर्ग यांची करामत येते. १९३०च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की भरलेली गाडी, म्हणजे एनएडीएच, ३४० नॅनोमीटर लांबीचा प्रकाश शोषते. हा अतिनील प्रकाश, डोळ्यांना न दिसणारा. रिकामी गाडी तो शोषतच नाही. म्हणजे निसर्गाने भरलेल्या गाडीवर झेंडा लावून ठेवलाय. आता खिचडीत एक असं एन्झाइम टाकायचं जे फक्त एनएडीलाच ओळखतं. उदाहरणार्थ, अल्कोहोल डिहायड्रोजनेज. सोबत थोडं अल्कोहोल. हे एन्झाइम रिकामी गाडी शोधून काढतं, तिच्यावर माल चढवतं आणि झेंडा वर येतो. ३४०वर प्रकाश किती कमी झाला ते बघा, गाड्या मोजून झाल्या.

हिशेब इतका सोपा आहे की मला आधी खोटा वाटला. एक मिलिमोलर एनएडीएच, एक सेंटिमीटर रुंदीच्या काचेच्या नळीत, ६.२२ इतका प्रकाश शोषतं. हा आकडा होरेकर आणि कॉर्नबर्ग यांनी १९४८ साली पक्का केला. होरेकर नावावरून आपला कोकणातला माणूस वाटतो ना? मलाही वाटला. नाही, अमेरिकन होते. तर मशीनने ०.३११ दाखवलं, भागिले ६.२२, उत्तर ०.०५ मिलिमोलर. माझ्या स्क्रिप्टमधली सगळी विद्या म्हणजे एवढा भागाकार.

आणि हे काही परदेशातल्या लॅबमधलं प्रकरण नाही हं. तुमच्या घरात कुणाला कावीळ झाली, डॉक्टरांनी एसजीपीटी करून आणायला सांगितलं, तर अमळनेरातल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये हाच खेळ चालतो, उलट्या बाजूने. तिथे रक्तातलं एन्झाइम मोजायचं असतं, म्हणून भरलेल्या गाड्या बाहेरून टाकतात आणि त्या किती वेगाने रिकाम्या होतात ते ३४०वर बघतात. ही युक्ती १९५५च्या सुमाराला आली. रिपोर्टवर जो आकडा छापून येतो, तो असा झेंडे मोजून आलेला असतो.

आता एक अडचण. लिव्हरच्या रसात रिकाम्या आणि भरलेल्या दोन्ही गाड्या असतात. वेगवेगळ्या कशा मोजायच्या? इथे रसायनशास्त्राने मोठी मेहेरबानी केलीय. ॲसिडमध्ये एनएडी टिकतं आणि एनएडीएच मोडतं. अल्कलीमध्ये तापवलं तर उलटं, एनएडीएच टिकतं आणि एनएडी मोडतं. म्हणून एकाच कलेजीचे दोन तुकडे करायचे. एक ॲसिडमध्ये, एक अल्कलीत. ॲसिडवाल्यात रिकाम्या गाड्या उरतात, अल्कलीवाल्यात भरलेल्या.

भरलेल्या तर फारच कमी असतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या ऑलिव्हर लॉरी यांनी १९६१ साली एक युक्ती व्यवस्थित बसवून दिली, सायकलिंग. दोन एन्झाइम टाकायची, एक गाडी भरणारं आणि एक रिकामी करणारं. गाडी गोल गोल फिरत राहते आणि प्रत्येक फेरीला काहीतरी मोजण्याजोगं मागे टाकत जाते. अशा हजारो फेऱ्या झाल्या की एका गाडीची खूण हजारो पट मोठी होते. लॅबमध्ये आज जी किट मिळतात त्यांच्यात बहुधा यासाठी एक रंग वापरतात, जांभळा होत जाणारा. ताईच्या फोटोत ती प्लेट बघितली मी, शहाण्णव खळग्यांची, फिकट ते गर्द जांभळी. सुंदर दिसते. हे लॉरी म्हणजे तेच, ज्यांचा प्रोटीन मोजण्याच्या पद्धतीवरचा १९५१चा शोधनिबंध विज्ञानात सर्वांत जास्त वेळा उल्लेखला गेलाय. मोजायला शिकवणाऱ्याला लोक विसरत नाहीत. विसरतात खरं तर, पण उल्लेख करतात.

इथपर्यंत ऐकून मी ताईला म्हणालो, "मग प्रॉब्लेम काय आहे? पद्धत पक्की आहे, मशीन चांगलं आहे, माझा भागाकार बरोबर आहे."

ती म्हणाली, "उंदीर मेल्यावर काय होतं, ते सांग."

मी गप्प.

ती म्हणाली, "रक्त थांबतं. रक्त थांबलं की ऑक्सिजन थांबतो. पण कलेजीला कुठे माहितीये की आपण मेलो? ती काम करतच राहते. गाड्या भरल्या जातात, आणि माल उतरवायच्या टोकाला ऑक्सिजन नाही. मग?"

मग भरलेल्या गाड्यांची रांग लागते. रिकाम्या कमी होतात. आणि हे सगळं तासांत नाही, सेकंदांत होतं. वर आणखी एक भानगड. पेशींत एनएडी मोडणारी एन्झाइमही असतात. जिवंतपणी हिशेबात वागतात, मेल्यावर त्यांना आवर घालणारं कुणी नसतं.

म्हणजे तुम्ही सावकाशीने लिव्हर कापून, धुऊन, वजन करून मग ॲसिडमध्ये टाकलंत, तर तुम्ही जिवंत उंदराचं एनएडी मोजलेलंच नाही. गुदमरून मेलेल्या मांसाचं मोजलंत. आकडा येईल, मशीन कुरकुर करणार नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर चालू सर्व्हरचा स्नॅपशॉट घ्यायचा होता आणि तुम्ही तो क्रॅश झाल्यावर घेतला.

यावर उपाय जर्मनीतल्या वोलेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली काढला. दोन ॲल्युमिनियमचे जाड ठोकळे, चिमट्याला जोडलेले. चिमटा आधी लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवायचा, उणे १९६ अंश. लिव्हर उघडी झाली रे झाली की त्या चिमट्यात दाबायची. पापडासारखी चपटी होते आणि त्याच क्षणी गोठते. चपटी करणं महत्त्वाचं, कारण नुसता जाड तुकडा नायट्रोजनमध्ये टाकला तर वरचा थर गोठतो आणि आतला भाग थोडा वेळ कोमटच राहतो, काम करतच राहतो. नंतर तो पापड गोठलेला असतानाच खलबत्त्यात कुटायचा, आणि पूड वितळायच्या आत ॲसिडमध्ये. मधे कुठेही तापायला द्यायचं नाही.

लिक्विड नायट्रोजन तुम्ही कदाचित बघितलाही असेल. गावात म्हशीला कृत्रिम रेतन करायला जो माणूस येतो, त्याच्या गाडीवर तो जाड डबा असतो ना, झाकण काढलं की पांढरा धूर निघतो? तेच. त्यात वळूचं वीर्य वर्षानुवर्षं टिकतं, कारण त्या थंडीत सगळी रसायनं जागच्या जागी थांबतात. ताईच्या चिमट्याचं काम तेच, वेळ थांबवणं.

आता त्या चार आकड्यांकडे येऊ.

ताईने वही काढली. लॅबची वही, हाताने लिहिलेली. चोवीस उंदीर चार दिवसांत केलेले, रोज सहा, दोन्ही गटांतले तीन-तीन. तिसरा दिवस गुरुवार. त्या दिवशी नायट्रोजनचा डबा तळाशी गेला होता. मागणी आदल्या आठवड्यात केलेली, आला नव्हता. उंदीर रात्रभर उपाशी ठेवलेले, म्हणजे दिवस पुढे ढकलता येत नव्हता, उपासाची वेळ बदलली की सगळंच बदलतं. लॅबमधल्या एका वरच्या माणसाने सांगितलं, "बर्फावर ठेव, चालतं, आम्ही वर्षानुवर्षं केलंय." तर लिव्हर काढून बर्फातल्या ताटलीत ठेवली आणि मग डब्यात जे काही उरलं होतं त्यात बुडवली. ताईने वहीत लिहून ठेवलं होतं: "चिमटा नाही. बर्फ. सुमारे दीड मिनिट."

मी उडवलेले चारही आकडे गुरुवारचे होते.

मी खूश झालो. म्हटलं, बघ! म्हणजे माझा कोड बरोबरच होता, त्याने वाईट आकडे बरोबर पकडले. कारणही सापडलं. आता तर उडवायला काहीच हरकत नाही.

"गुरुवारचे उंदीर किती होते?"

"सहा."

"तू उडवलेस किती?"

चार. दोन राहिले होते. ते दोन छान दिसत होते, बाकीच्यांच्या रांगेत बसणारे. म्हणून कोडने त्यांना हात लावला नव्हता.

ताई म्हणाली, "ते दोनसुद्धा बर्फावर दीड मिनिट होते. ते चांगले का दिसतात? कदाचित अल्कलीत तापवताना थोडं जास्त मोडलं असेल, आणि दोन चुकांनी एकमेकींना फेडलं असेल. कदाचित ते उंदीरच वेगळे असतील. मला माहीत नाही. जे माहीत नाही ते मला आवडणाऱ्या ठिकाणी पडलं म्हणून मी ठेवायचं का?"

मंडळी, हे ऐकून माझी झोप उडाली होती, खरंच. कारण मी काय केलं होतं? आकड्याचा चेहरा बघून ठरवलं होतं, कोण राहणार आणि कोण जाणार. जो दिसायला आवडला तो आत. आणि ग्राफमधलं ते मस्त अंतर, ते काही प्रमाणात मीच तयार केलं होतं. ताईने ठरवलं वही बघून. गुरुवारचे सहाच्या सहा बाहेर, चांगले दिसणारेही. बाकी दिवसांचा एकही बाहेर नाही, मग तो कितीही वाकडा दिसो.

चोवीसचे अठरा झाले. ग्राफ पुन्हा काढला. अंतर कमी झालं होतं. आहे की नाही हे छातीठोकपणे सांगता येणार नाही, इतकं कमी.

म्हणजे आणखी सहा उंदीर. आणि ते मनात आलं म्हणून करता येत नाहीत. आपल्या देशात प्राण्यांवरच्या प्रयोगांना कायदा आहे, प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती असते, प्रत्येक जनावराचा हिशेब द्यावा लागतो. ताईला अर्ज करून लिहून द्यावं लागणार होतं की आधीचे सहा वाया गेले, आणि का गेले. ज्या माणसाने बर्फ चालतो म्हणून सांगितलं, त्याच्याच सहीने अर्ज पुढे जाणार होता. ती दोन दिवस त्या अर्जाच्या एका वाक्यावर अडून बसली होती. "तांत्रिक कारणाने" असं लिहायचं, की जे झालं ते लिहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी हा विषय निघाला. आजीला सगळं नाही कळलं, पण उंदीर मारतात एवढं कळलं. ती अहिराणीत म्हणाली, "उंदरं मारीसन तुले काय भेटस व?"

ताई हसली नाही. तिने ताटातल्या भाकरीकडे बोट केलं.

ती कयनानी भाकर होती. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो: कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. आमच्या खानदेशात थंडीत ही भाकरी, वर तेल आणि ठेचा. ज्वारी शक्यतो दादर, म्हणजे रब्बीची.

ताईने आजीला जी गोष्ट सांगितली ती मलाही माहीत नव्हती. पेलाग्रा नावाचा एक आजार आहे. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे, गळ्याभोवती तर माळेसारखे. मग जुलाब, मग डोक्यावर परिणाम, आणि उपचार नाही झाले तर मृत्यू. युरोप-अमेरिकेत हा मका खाणाऱ्या गरिबांचा आजार होता. अमेरिकेत गोल्डबर्गर नावाच्या डॉक्टरांनी दाखवलं, की हा साथीचा रोग नाही, खाण्यातल्या कमतरतेचा आहे. कुत्र्यांना तसलंच खाणं दिलं की त्यांची जीभ काळी पडायची. आणि मग गंमत बघा. वारबुर्ग यांनी घोड्याच्या रक्तातल्या लाल पेशींमधून कोएन्झाइम वेगळं करून मोडून बघितलं, तर आत निकोटिनामाइड सापडलं. दोन-तीन वर्षांत, १९३७ साली, एल्व्हेजेम यांनी लिव्हरमधून तोच पदार्थ काढून काळ्या जिभेच्या कुत्र्याला दिला आणि कुत्रा बरा झाला. म्हणजे पेलाग्रा म्हणजे काय? शरीरात गाड्या बनवायला लागणारा कच्चा मालच नाही. ते जीवनसत्त्व म्हणजे नायसिन, बी-३.

आपल्याकडे दख्खनच्या पठारावर मका फारसा खात नसत. तरी पेलाग्रा होता, आणि तो होता ज्वारीवर जगणाऱ्यांमध्ये. कोडं असं, की मक्यात ट्रिप्टोफॅन कमी असतं, आणि शरीर ट्रिप्टोफॅनपासून थोडं नायसिन स्वतः बनवतं, साठ मिलिग्रॅममागे एक. त्यामुळे मक्याचं समजू शकतं. पण ज्वारीत ट्रिप्टोफॅन तितकं कमी नाही. मग का? हैदराबादला सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकंटिया यांनी १९६० साली मांडलं, की ज्वारीत ल्यूसिन नावाचं अमिनो आम्ल जास्त असतं आणि त्याने हा समतोल बिघडत असावा. पुढे त्यांच्याच संस्थेत कुत्र्यांवर प्रयोग झाले. जास्त ल्यूसिनच्या ज्वारीवर वाढवलेल्या कुत्र्यांची जीभ काळी पडली, कमी ल्यूसिनच्या वाणावर वाढवलेल्यांची नाही. आणि पेलाग्राच्या रोग्यांच्या रक्तातल्या लाल पेशी घेऊन त्यांनी मोजलं काय? हीच कोएन्झाइमं. सगळ्यांना ते पटलं असं नाही. इतर काही ठिकाणच्या प्रयोगांत ल्यूसिनचा परिणाम तसा दिसला नाही, वाद बराच चालला. पण तो वाद घालता आला, कारण मोजता येत होतं.

आजीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, नुसती ज्वारी खायची वेळ यायची ती दुष्काळात. उडीद घालायला पैसे नसायचे तेव्हा.

कळण्यातल्या उडदाने पेलाग्रा टळतो असं मी म्हणत नाहीये हं, उगाच व्हॉट्सॲपवर फिरवू नका. डाळीतून नायसिन आणि ट्रिप्टोफॅन दोन्ही मिळतं एवढं खरं. पण आजीच्या त्या वाक्यानंतर ताई उठली आणि अर्जातलं वाक्य लिहून टाकलं. "नायट्रोजन उपलब्ध नसल्याने ऊती बर्फावर सुमारे दीड मिनिट ठेवल्या गेल्या. त्या दिवसाची सर्व सहा मोजमापं रद्द धरावीत."

पुण्याला परतायच्या बसमध्ये मी तिला एक शंका विचारली. समजा चिमटा वेळेवर लागला, सगळं बरोबर झालं. मग आलेला आकडा खरा ना? ती म्हणाली, एका अर्थाने. कारण लिव्हरमधल्या बऱ्याच गाड्या प्रोटीनांना चिकटलेल्या असतात, कामाला मोकळ्या नसतात. सगळं विरघळवून मोजलं की त्याही मोजल्या जातात. म्हणून क्रेब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली वेगळाच रस्ता घेतला. गाड्या मोजायच्याच नाहीत. लॅक्टेट आणि पायरुवेट मोजायचे, हे दोघं त्याच गाडीवर अवलंबून असतात, आणि त्यांच्या प्रमाणावरून मोकळ्या गाड्यांचं प्रमाण काढायचं. थेट मोजलं तर एका भरलेल्या गाडीमागे रिकाम्या मोजक्याच दिसतात. क्रेब्सच्या पद्धतीने उंदराच्या लिव्हरपेशीच्या द्रवात ते प्रमाण आलं सातशेच्या आसपास. आणि त्याच पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात आठच्या आसपास. एकच पेशी, एकच क्षण, आणि प्रश्न कसा विचारला त्यावर उत्तर शेकडो पटींनी वेगळं. अर्थात लॅक्टेट-पायरुवेट मोजायचे तरी चिमटा लागतोच, ते तर आणखी चंचल.

मी म्हटलं, मग तुम्ही लोक झोपता कसे?

ती म्हणाली, "तुमच्या गावात तेलाच्या कंपनीतून विप्रो झाली म्हणतोस ना अभिमानाने? १९४५ ते आत्तापर्यंत वेळ लागला की नाही? आम्हालाही लागतो."

मार्चमध्ये परवानगी आली. सहा नवे उंदीर, नायट्रोजनचे दोन भरलेले डबे, आणि आदल्या दिवशी बटाट्याच्या कापांवर चिमट्याचा सराव. बटाटा ऐकून मला कमलाबाई आठवल्या, पण ती कामात होती म्हणून बोललो नाही.

मी माझ्या बाजूने स्क्रिप्ट बदलली. आउटलायरची ती ओळ काढून टाकली. फाइलमध्ये एक नवा कॉलम सक्तीचा केला: कापल्यापासून चिमटा लागेपर्यंतचे सेकंद. तो रिकामा असेल तर प्रोग्राम पुढे सरकतच नाही, लाल अक्षरात एरर देऊन बसतो. ताईला पाठवली तेव्हा ती म्हणाली, जुन्या अठरांचे सेकंद तर वहीत आहेत, भरते. दोन तासांनी तिचा फोन आला. अठरांपैकी एकाचा सेकंद वहीत लिहिलेलाच नव्हता.

त्या उंदराचा आकडा अगदी मधोमध होता. बघायला सगळ्यात छान.

आता सतरा अधिक सहा, म्हणजे तेवीसवर काम चाललंय. निकाल काय लागला ते छापून आलं की तिलाच बोलावू इथे, ती तयार झाली तर. तुमच्यापैकी कुणी लॅबमध्ये काम करत असाल आणि "बर्फावर चालतं" हे वाक्य ऐकलं असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.